कागद, पेन्सिल आणि एक मूळ संख्या



२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की ३९ अंकी संख्या मिळते. तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, म्हणून ती मूळ संख्या. फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी १८७६ साली हे संगणकाविना दाखवून दिले. १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

एकेक भाजक तपासायला जन्म पुरला नसता. त्यांनी रीत शोधली. लेहमर यांनी १९३० साली ती सोपी केली. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा : १४, ८, ०. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले; ३१ मूळ ठरली. २०२४ साली सापडलेली चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्याही याच रीतीने पडताळली गेली.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, "गणित आपले काम नव्हे" असे घरात म्हणू नका. मुलांनो, आज १२७ ही संख्या पाच पायऱ्यांत तपासा. शून्य आले, तर ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, तुम्ही सिद्ध केले म्हणून खरे.