राणीचा अर्ज

तायांनो, झी टीव्हीवरची 'झाँसी की रानी' आठवते ना? २००९ ला सुरू झालेली. आपल्या डोळ्यांसमोर येतो घोडा, तलवार. पण राणीची पहिली लढाई कागदावरची. १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेला मुलगा इंग्रजांनी वारस मानला नाही, १८५४ ला झाशी खालसा केली. बाईंनी अर्जावर अर्ज केले, जॉन लँग नावाचा वकीलही गाठला. सगळं फेटाळलं.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "मालक जाऊन तीन वर्षं झाली, सातबाऱ्यावर माझं नाव नाही." मला तेव्हा काही बोलताच आलं नाही, खरं सांगते. ताई, शुक्रवारी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देऊ. मृत्यूचा दाखला आणा, मी सोबत येते. पोच घेऊनच उठायचं.