यादीतून उगवलेली बाग

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात शाळकरी वयात मी सुट्टीच्या दुपारी काढल्या, त्याच्याच शताब्दीत बोलण्याचा मान मला मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. माझा विषय झाडांचा. सारा जन्म उद्यानविद्या शिकवण्यात गेला. तेव्हा ग्रंथांच्या उत्सवात या माळ्याचे काय काम, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. मलाही पूर्वी तसेच वाटले असते. बाग आणि ग्रंथालय यांचे नाते माझ्या ध्यानात आले ते २०१४ सालच्या मे महिन्यात, हॉलंडमधील लायडन या गावी.

त्या वर्षी आम्ही बारा विद्यार्थ्यांना घेऊन तेथील जुन्या बागा पाहण्यासाठी अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. मुले बहुतेक गोव्याच्या खेड्यांतली, कुळागरात वाढलेली. त्यांच्या पालकांनी पैसा कसा उभा केला हे मला ठाऊक होते, त्यामुळे दौऱ्याची सहल होऊ द्यायची नाही, असा माझा कटाक्ष होता. प्रत्येकाजवळ वही आणि प्रत्येक झाडापुढे थांबून टिपण, हा नियम.

लायडनचे विद्यापीठ १५७५ सालचे आणि त्याची वनस्पतींची बाग १५९० सालची. तिची खरी घडण केली ती कारोलुस क्लुसियुस या वनस्पतिज्ञाने. १५९३ साली तो तेथे आला तेव्हा त्याचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. क्लाइट नावाच्या औषधविक्या सहकाऱ्याच्या मदतीने त्याने पुढच्याच वर्षी वाफे आखून लागवड पुरी केली. त्याने लावलेल्या ट्यूलिपचे कंद चोरीला जात, ही हकिकत तेथे आजही सांगतात. हॉलंडला पुढे ट्यूलिपचे जे वेड लागले, त्याचा आरंभ शोधताना याच वाफ्यांकडे बोट दाखवले जाते.

आत शिरताच मुले एका झाडाकडे धावली. पिवळ्याधमक फुलांचे घोस लोंबत होते. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी ओरडली, "सर, इथे बहावा कसा?" मी म्हटले, "आधी पान पाहा, मग बोल." पान तीन पर्णिकांचे होते. आपल्या बहाव्याच्या एका पानाला पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या असतात. फूल वाटाण्याच्या फुलासारखे मिटलेले, बहाव्याचे मात्र उघड्या पाच पाकळ्यांचे. झाड होते लॅबर्नमचे, १६०१ साली लावलेले, म्हणजे क्लुसियुसच्या हयातीतले. बहाव्याच्या शेंगेतला गर आपले वैद्य सारक म्हणून देतात. लॅबर्नमचे मात्र सर्वांग विषारी, आणि बी तर फारच. दिसायला इतके सारखे, पण गुणाने असे परस्परविरुद्ध! झाडाचे नाव नेमके असणे हा पंडिती हट्ट नसून जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो, हे त्या दिवशी मुलांना व्याख्यानावाचून कळले.

पुढे आम्ही क्लुसियुसच्या वाफ्यांपाशी गेलो. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यातले मूळचे झाड कोणते?" बागेची माहिती सांगणाऱ्या बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "एकही नाही." क्लुसियुसची बाग काळाच्या ओघात पार मोडून गेली होती. जे आम्ही पाहत होतो ते पुढे पुन्हा उभारलेले रूप होते. ते उभारता आले, कारण १५९४ सालच्या लागवडीची यादी जपून ठेवलेली होती. कोणत्या वाफ्यात कोणती वनस्पती, हे तिच्यात लिहिलेले होते. वनस्पती हजाराहून अधिक होत्या. त्या मरून गेल्या, पण कागद राहिला. आणि कागद राहिला म्हणून बाग परत आली.

दोन दिवसांनी आपेलडोर्नजवळच्या हेट लो राजवाड्यात याचाच दुसरा दाखला मिळाला. तिसऱ्या विल्यमने सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे भूमितीच्या आकृतीसारखी रेखीव बाग केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अभिरुची पालटली आणि ती बाग मातीखाली गाडून वर नैसर्गिक वळणाचे उद्यान करण्यात आले. पावणेदोनशे वर्षांनी, १९८४ साली, ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. खोदकामात सापडलेल्या खुणा, जुनी रेखाचित्रे आणि वॉल्टर हॅरिस या डॉक्टराने १६९९ साली छापलेले बागेचे वर्णन, एवढ्या आधारावर ती उभी राहिली. हॅरिस काही माळी नव्हता. त्याने फक्त पाहिले ते नीट लिहून ठेवले.

आता लायडनचा आपल्याशी काय संबंध, ते सांगतो.

क्लुसियुसला हिंदुस्थानची वनस्पती प्रथम कळली ती गोव्यातून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. येथील औषधींविषयी त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आपला आंबा त्यात आहे, बहावाही आहे. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या प्रवासात हा ग्रंथ क्लुसियुसच्या हाती पडला. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि १५६७ साली तो अँटवर्पला प्रसिद्ध झाला. त्या संक्षेपामुळे ओर्ता साऱ्या युरोपला माहीत झाला. ओर्ता स्वतः १५६८ साली वारला. १५८० साली इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, कारण तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असा ठपका होता. माणसाची हाडेही शिल्लक राहिली नाहीत, पण त्याचे पुस्तक राहिले. पणजीच्या त्याच्या नावाच्या बागेत आपण भेळ खात बसतो तेव्हा याची आठवण किती जणांना असते?

दुसरा धागा याहून जवळचा. मलबारचा डच गव्हर्नर वान रेडे याने तेथील वनस्पतींचा 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान त्याच्या मुळाशी आहे. त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यही होते. हा समाज गोव्याहून दक्षिणेकडे गेलेला. या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, नागरी लिपीत, पहिल्या खंडात छापले आहे. त्या पानाचे छायाचित्र लायडनला आमच्यापुढे ठेवण्यात आले. मुले अडखळत का होईना, ती अक्षरे वाचू लागली. एवढ्या दूरच्या देशात आपली लिपी अशी समोर यावी! एकाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरा मात्र म्हणाला, "सर, सांगितले आपल्या लोकांनी, पण लिहून ठेवले त्यांनी." त्याला उत्तर देणे मला जमले नाही.

जमले नाही याचे कारण घरचेच आहे. आमच्या कुळागरात पोफळी, माड, मिरी, जायफळ, फणस आणि आंब्याची बरीच झाडे आहेत. मानकुराद, मुसराद, हिलारियो ही नावे सर्वांनाच ठाऊक असतात. पण माझ्या थोरल्या काकांना प्रत्येक रायवळ आंब्याचेही नाव ठाऊक होते. त्याचे रोप कोणी कोठून आणले, त्याचे लोणचे टिकते की नाही, हे ते झाडाखाली उभे राहून सांगत. मी उद्यानविद्येचा अध्यापक, विद्यार्थ्यांना टिपणे काढायला लावणारा. काकांचे बोलणे मात्र "पुढच्या सुट्टीत लिहून घेऊ" असे म्हणत राहिलो. ती सुट्टी आली नाही. विहिरीजवळच्या एका आंब्याला काकांनी दिलेले नाव मी लहानपणी शंभरदा ऐकले असेन. आज ते आठवत नाही. झाड अजून फळते आहे आणि घरातले सगळे त्याला नुसते 'विहिरीजवळचा आंबा' म्हणतात. उद्या ते पडले तर त्याचे कलम कोणी मागू शकणार नाही, कारण मागायला नावच नाही.

आपल्या ग्रंथालयात पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. पुस्तक वाळवीने खाल्ले तरी ते आपल्याकडे होते, हे नोंदवही सांगते आणि दुसरी प्रत मिळवता येते. आपल्या कुळागरांना अशी नोंदवही नाही. त्यांचा सारा संग्रह वृद्धांच्या जिभेवर आहे, आणि तो दरवर्षी उणा होतो आहे.

दौऱ्याहून परतल्यावर मी त्या बारा जणांना एकच गृहपाठ दिला. आपल्या घरच्या बागेतल्या प्रत्येक झाडाचे नाव, आजी-आजोबांना विचारून, जागेसह लिहून आणा. त्या याद्या एका वहीत उतरवल्या आहेत. ती वही आज मी ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. तिच्यात पुष्कळ कोरी पाने आहेत. आपापल्या घरची यादी आणून सभासदांनी ती भरावी, एवढीच माझी प्रार्थना आहे. पहिले पान माझ्या घरचे आहे. त्यावर 'विहिरीजवळचा आंबा' असे लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे. आमच्या वाड्यावरचे कोणी वयोवृद्ध येथे बसले असतील आणि त्यांना ते नाव आठवत असेल, तर त्यांनी कृपा करून ते आजच, जाण्यापूर्वी लिहावे.