वाचायला शिकवणं हीच पहिली तपासणी



दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्या मुंबईच्या उपनगरांतले काही पालक मुलांना घेऊन शीव रुग्णालयाची वाट धरतात. मुलगा तोंडी फडाफडा उत्तरं देतो, पण धडा हातात दिला की अडखळतो. ‘आळशी आहे’, ‘लक्ष देत नाही’ हे शेरे तोवर प्रगतिपुस्तकात पडून गेलेले असतात. मग उशिरा कळतं, हा डिस्लेक्सिया आहे. बुद्धीत कमी नाही. उच्चारातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं मात्र जड जातं.

या बाबतीत मुंबईने देशाला वाट दाखवली, हे आवर्जून सांगायला हवं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी कुलकर्णी यांच्या पुढाकाराने अशा मुलांसाठी क्लिनिक उभं राहिलं. १९९६ साली ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच सुमारास राज्य सरकारने परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती देऊ केल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर या अक्षमतेला देशभर मान्यता दिली.

सवलत हवीच. पण ती पेपर सोडवण्यापुरती. तिने वाचता येत नाही. वाचता येतं ते शिकवल्याने, आणि ते काम पहिली-दुसरीतल्या बाईंचं आहे.

देवनागरीत लिहिल्याप्रमाणे वाचायचं, मग अडचण कसली, असं आपल्याला वाटतं. ‘किती’ हा शब्द पाहा. पहिली वेलांटी क-च्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ यांतल्या जोडाक्षरांत एकच र तीन रूपं घेतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढ्याशा रेषेचा. बहुतेक मुलं सरावाने हे पार करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला प्रत्येक पायरी उलगडून दाखवावी लागते.

आता आपल्याच शेजारच्या पालघर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वाडा तालुक्यातल्या मुलांच्या मराठी वाचनाचा काही वर्षं सलग अभ्यास झाला. तिसरीत पोचूनही बऱ्याच मुलांना साधा उतारा वाचता येत नव्हता. एवढ्या सगळ्यांना डिस्लेक्सिया असणं शक्य नाही; शिकवण्यातच काही राहून गेलं होतं. माझा मुद्दा इथे आहे. निम्मा वर्ग अडखळत असेल, तर त्यातलं खरी मदत हवी असलेलं मूल दिसणार कसं? नीट शिकवलं, तर मागे राहिलेली दोन-तीन मुलं काही महिन्यांत डोळ्यांत भरतात. चांगलं अध्यापन हीच पहिली तपासणी.

नीट शिकवणं म्हणजे काय? सगळी मुळाक्षरं ओळीने घोकून घेण्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा घेऊन लगेच शब्द करायचे. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी याच धर्तीवर काम उभं केलं. अक्षरांआधी शब्दांतले ध्वनी ओळखण्याचे खेळ घ्यायचे. ऐकणं, बोलणं, गिरवणं एकत्र चालवायचं. जोडाक्षरं सावकाश, फोड करून दाखवायची. आणि रोज गोष्ट वाचून दाखवायची, म्हणजे वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलाची समजही उपाशी राहत नाही.

तपासणीची साधनंही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही चाचणी आणली. पहिल्या चार भाषांत मराठी आहे, आणि तिच्यातली प्राथमिक चाळणी शिक्षकांनीच करायची आहे. उपनगरांत घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेली मुलं पुष्कळ. त्यांची तपासणी दोन्ही भाषांत झाली, तर अडचण वाचनाची की फक्त परक्या भाषेची, हे कळतं.

पण साधन वापरणारा हात तयार हवा. एका दिवसाच्या शिबिराने तो होत नाही. वर्षभर वर्गात शिकवायचं, अनुभवी व्यक्तीने ते पाहायचं, पुन्हा चर्चा करायची, असं प्रशिक्षण लागतं. त्याला पैसा लागतो आणि शिक्षकांचा वेळ मोकळा करावा लागतो. तुमच्यापैकी कुणी शाळांच्या संस्थांवर असाल, कुणी पालक असाल. पुढच्या सभेत निकालाच्या टक्केवारीआधी एवढंच विचारा: आपल्या पहिलीच्या बाईंना वाचन शिकवायला कुणी शिकवलं?