नौकेवरून उतरल्यावर पुढे काय?
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही दोन उन्हाळे शिडाच्या नौकेवर राहून आलात, तर त्या प्रवासावर चार शब्द बोला.” मी म्हटले, “अहो, समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. जरा लाट उठली की मी आत जाऊन आडवी होत असे. पण किनाऱ्याला लागल्यावर गावात कसे जावे, हे मात्र मी सांगू शकेन.” तेच आज सांगणार आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतात. त्यांची एक जुनी, नऊ मीटर लांबीची शिडाची नौका आहे. सुटीत ती दोघे आयसलमेर नावाच्या विस्तीर्ण जलाशयात हिंडतात. पूर्वी हा समुद्राचाच फाटा होता. १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून डच लोकांनी तो समुद्रापासून तोडला, आणि आज तेथील पाणी गोडे आहे. त्याच्या काठी एन्कहाउझेन, मेडेम्ब्लिक अशी टुमदार जुनी बंदरे आहेत. बांधातील दरवाजातून पलीकडे गेले की खारा समुद्र आणि त्यात टेसल, फ्लीलांट ही बेटे.

नौकेत राहणे म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्या दीड खोलीत संसार करणे. जागा इतकी मोजकी की प्रत्येक डब्याला उत्तर द्यावे लागते, “तू येथे का?” आणि तरीही रोजच्या गरजा सुटत नाहीत. दूध हवे, बटाटे हवेत, पाव हवा. नौकांचा धक्का पुष्कळदा गावाबाहेर असतो. फ्लीलांट बेटावर तर पाहुण्यांना मोटार नेण्याची परवानगीच नाही. मग जायचे कसे?

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. मी मुलीपणी पुण्यात तासावर भाड्याने सायकल घेऊन, दांड्याखालून पाय घालून शिकलेली. वाटले, जमेल. पण तेथील बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेकच नसतो. पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर सहज उलटे पायडल मारण्याची सवय! मी मारले, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी पुढच्या झुडपात. लागले फारसे नाही. पण धीर गेला. त्यानंतरचे सगळे दिवस मी नौकेवरच बसून काढले. इतर गावात जात आणि मी “सामान राखते” म्हणे. खरे सांगू? सामानाला राखणीची मुळीच गरज नव्हती.

भगिनींनो, तुमच्यापैकी कितीजणी असे सामान राखीत बसल्या आहेत, ते तुमचे तुम्हांलाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षी मुलीने ठरवले की नौकेवर आपले स्वतःचे वाहन ठेवावयाचे. मग घरात चर्चा सुरू झाली. जावईबापूंचे मन विजेच्या स्कूटरवर होते. उभ्याने चालवायची ती, हल्ली शहरातून दिसते. दिसायला सुटसुटीत, श्रम काही नाहीत. पण तीन अडचणी निघाल्या. पहिली कायद्याची: नेदरलँड्समध्ये सरकारी मान्यता मिळालेल्या जातीचीच स्कूटर रस्त्यावर आणता येते, तिला विमा लागतो आणि नंबराची पाटी लागते. दुसरी नेण्याआणण्याची: विमानात प्रवाशाला शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहज नेता येते, एकशेसाठपर्यंत कंपनीच्या परवानगीने, आणि या स्कूटरच्या बॅटऱ्या बहुधा त्याहून मोठ्या असतात. तिसरी अडचण माझ्या यजमानांनी काढली. लिथियमची बॅटरी बिघडून पेटली, तर ती आग सहजासहजी विझत नाही. घरात आग लागली तर माणूस अंगणात पळेल. नौकेतून कोठे पळणार? यावर जावईबापू गप्प बसले.

मग मुलांची असते तशी, एका पायाने ढकलत न्यायची साधी स्कूटर पाहिली. पाच-सहा किलो वजन, कोपऱ्यात उभी राहते, बिघडायला तिच्यात काही नाही. धक्क्यावरून कचरा टाकून यायला किंवा आंघोळीच्या खोल्यांपर्यंत जायला उत्तम. पण फरशीच्या, दगडी रस्त्यावर तिची लहान चाके हाडे खिळखिळी करतात आणि बटाट्याची पिशवी कोठे अडकवावी हा प्रश्न राहतोच.

राहिली घडीची सायकल. ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली बनवल्या होत्या. लंडनमध्ये अँड्र्यू रिची नावाच्या अभियंत्याने १९७५ च्या सुमारास आपल्या राहत्या जागेत सोळा इंची चाकांची एक सायकल तयार केली. ती ब्रॉम्प्टन या नावाने आज जगभर जाते. घडी घातली की ती मोठ्या प्रवासी पेटीएवढी होते. वीस इंची चाकांच्या घडीच्या सायकलीही मिळतात. त्या जागा थोडी अधिक खातात, परंतु खडबडीत वाटेवर अधिक स्थिर चालतात. आणखी एक सोय अशी, की डच आगगाडीत मोठ्या सायकलीला वेगळे तिकीट पडते, घडी घातलेली सायकल मात्र हातातल्या सामानासारखी फुकट नेता येते.

आम्ही एका जुन्या सायकलींच्या दुकानात गेलो. जावईबापू गिअर मोजू लागले. मुलगी मात्र मला म्हणाली, “आई, तू उचलून पाहा.” मी म्हटले, “मी कशाला? न्यायची तुम्हांला.” ती म्हणाली, “तुला उचलता आली तरच घ्यायची.” पहिली लोखंडी होती, सोळा किलोची, मला ती गुडघ्यापर्यंतही उचलवेना. दुसरी अॅल्युमिनियमची, अकरा किलोची. ती मी कठड्याएवढी उचलली. तशाच दोन घेतल्या. वीस इंची चाके, दोन्हीकडे हाताचे ब्रेक, मधला दांडा खाली उतरता, त्यामुळे पंजाबी पोशाखात अडचण नाही. एक सूचना मात्र करते: ओढणी कमरेला घट्ट बांधावी किंवा घरीच ठेवावी. ती चाकात गेली तर जीवावर बेतते.

खाऱ्या हवेत सायकल सांभाळणे हेही एक व्रतच आहे. समुद्रातून आल्यावर ती गोड्या पाण्याने पुसावी, साखळीला तेल द्यावे आणि सीटचा दांडा महिन्यातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवावा. नाहीतर खाऱ्या हवेने दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की पुढे तो दांडा हलत नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट. टेसल बेटावर आउदेस्खिल्ड बंदरात आम्ही वाऱ्यामुळे अडकलो होतो. एंजिनाचा पट्टा तुटला म्हणून मुलगी आणि जावई बसने फेरीबोटीकडे जाऊन समोरच्या शहरात गेले होते. इकडे माझे यजमान ओल्या धक्क्यावर घसरले आणि मनगट धरून बसले. हाड मोडले नव्हते, पण सूज वाढत होती. दुखण्याच्या गोळ्या संपलेल्या, पट्टी नाही. डेन बुर्ग गाव तेथून सुमारे पाच किलोमीटर.

मी सायकल उचलली, धक्क्यावर ठेवली, उघडली. यजमान म्हणाले, “अगं, ते येतील संध्याकाळपर्यंत.” मी म्हटले, “तोपर्यंत हाताचे काय?”

त्या देशात सायकलींच्या वाटांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत. भाषा येत नसली तरी चालते. नकाशावरून आकडे कागदावर उतरून घ्यावे आणि एकेक आकडा गाठीत जावे. मी तसेच केले. उजव्या बाजूने चालायचे, हे मनात घोकत होते. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांची टोके आपल्याकडे असली की थांबून दुसऱ्याला वाट द्यायची, हेही मुलीने शिकवून ठेवले होते. जाताना वारा समोरून होता. मेंढ्यांच्या कुरणांमधून मी पायडल मारीत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. त्यातले सगळेच काही वाऱ्याने आलेले नव्हते. गोळ्या घेतल्या, पट्टी घेतली, आणि स्वतःसाठी एक बिस्किटांचा पुडाही घेतला. येताना वारा पाठीशी होता.

मुले परतली तेव्हा यजमानांच्या हाताला पट्टी होती आणि चहा तयार होता. जावईबापू म्हणाले, “आई, कोण गेले होते?” यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवले.

आता कोणी विचारील, घडीची सायकल सगळीकडे चालेल का? नाही. आधी जमीन पाहावी, मग वाहन. नेदरलँड्स सपाट म्हणून तेथे सायकल. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर मोटारींना बंदी आहे, गल्ल्या चढाच्या आणि पायऱ्यांच्या आहेत, ओझी खेचरे आणि गाढवे वाहतात. तेथे आपले पाय आणि चांगल्या चपला हेच वाहन. पण एक कसोटी मी सगळीकडे लावीन. चारजणांसाठी वस्तू घ्यायची, तर त्यांतल्या सर्वांत अशक्त हाताला ती उचलून पाहू द्यावी. बळकट माणसाला काहीही चालते. अशक्त माणसाला पेलली नाही, तर ती वस्तू चौघांची राहत नाही. एकाची होते आणि बाकीचे सामान राखीत बसतात.

आपल्यापैकी पुष्कळजणी नौकेवर जाणार नाहीत. परंतु भाजीबाजार, बँक, दवाखाना आपल्यालाही आहेत. म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवते: माझ्याजवळची घडीची सायकल मी मंडळाला वापरण्यास देते. रविवारी सकाळी मैदान मोकळे असते, तेव्हा ज्यांना शिकायचे असेल किंवा विसरलेले आठवायचे असेल, त्यांनी यावे. पडण्याची लाज बाळगू नये. झुडपात पडलेली बाई शिकवायला उभी असेल.