विमानाचा अपघात आणि आपला तर्क



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "ऐन वसंतात हा अपशकुनी विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण विमान ही गोष्ट आता आपल्याला परकी राहिलेली नाही. ज्या राजाराम महाराजांचे नाव या पेठेला आहे, त्यांच्याच कारकीर्दीत, 1939 साली, कोल्हापूरला विमानतळ मिळाला. आज राजारामपुरीतल्या कितीतरी घरांतली मुले-सुना समुद्रापार आहेत. विमान पडल्याची बातमी आली की पहिल्या क्षणी छातीत धस्स होते. आपले माणूस सुखरूप आहे असे कळले की दुसऱ्या क्षणापासून आपण सारे तर्क करू लागतो. त्या दुसऱ्या क्षणाविषयीच आम्हांला आज बोलायचे आहे.

12 जून 2025 रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील 242 पैकी 241 माणसे गेली, जमिनीवरची 19 गेली. त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यांपासून दिवाणखान्यापर्यंत कारणांची यादी तयार होती. कोणी म्हणाले पक्षी धडकले, कोणी म्हणाले पंखांच्या झडपा उघडल्याच नाहीत, कोणी म्हणाले बोजा जास्त होता, कोणी म्हणाले इंधनात भेसळ, आणि कोणी घातपात म्हणून मोकळे झाले. अवशेषांतून अजून धूर निघत होता, आणि आपला निवाडा मात्र झालेला होता.

आमच्यापैकी वडीलधाऱ्यांना यावरून दुसरी एक रात्र आठवेल. 1 जानेवारी 1978. नववर्षाचा पहिलाच दिवस. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला जाण्यासाठी सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. 213 माणसे होती. एकही वाचले नाही. एवढे धिप्पाड विमान आपले आपण कसे पडेल, असे लोकांना वाटले. घातपाताची शंका पहिल्याच दिवसांत निघाली. काळही तसा होता. विमाने पळवण्याच्या आणि स्फोटांच्या वार्ता वरचेवर येत असत.

पुढे समुद्रातून अवशेष काढले. नोंदयंत्रे मिळाली. ज्यांना आपण काळी पेटी म्हणतो, ती वस्तुतः नारिंगी रंगाची असते, ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून. अवशेषांत स्फोटाची खूण नव्हती, आगीची नव्हती. मग झाले होते काय?

हे जरा सावकाश समजून घेतले पाहिजे. विमान रात्री समुद्रावर आले की खाली काळोख, वर काळोख. क्षितिज दिसत नाही. आणि क्षितिज दिसले नाही तर आपण सरळ आहोत की कलते आहोत, हे माणसाला कळत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय निसर्गाने दिले आहे ते जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी दिले आहे. आकाशात ते खुशाल फसवते. म्हणून वैमानिकापुढे कृत्रिम क्षितिज दाखवणारे एक उपकरण असते. एक कप्तानापुढे, एक सहवैमानिकापुढे, आणि दोघांत मतभेद झाला तर साक्षीला तिसरे.

त्या रात्री विमानाने किनारा ओलांडताना उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण कप्तानापुढचे उपकरण अडकले. विमान उजवीकडे कललेले आहे असेच ते दाखवत राहिले. कप्तानाने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवले. काटा हलेना, म्हणून आणखी झुकवले. सहवैमानिकाचे उपकरण डावा कल दाखवीत होते. पण दोघांचे पटेना तेव्हा आपलेही बिघडले की काय, असा संभ्रम झाला. अभियंत्याने तिसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधले. तोवर विमान डाव्या कुशीवर पार आडवे झाले होते. काही सेकंदांतच समुद्र आला.

चौकशीचा निष्कर्ष दोन्ही गोष्टी सांगतो: उपकरण बिघडले, आणि उरलेल्या उपकरणांच्या आधाराने विमान सावरता आले नाही. पुढे मृतांच्या नातलगांनी अमेरिकेतील न्यायालयात विमानाच्या आणि उपकरणांच्या उत्पादकांवर दावे लावले. 1985 साली ते फेटाळले गेले. लोकांना एक आरोपी हवा असतो. चौकशी बहुधा एक साखळी हाती देते, आणि साखळीला फाशी देता येत नाही. म्हणून खरे कारण ऐकून आपला हिरमोड होतो.

पण या अपघातात आम्हांला आपलेच चित्र दिसते. मोठी बातमी आली की आपल्याही भोवती काळोख होतो. क्षितिज दिसत नाही. त्या वेळी जो पहिला काटा समोर दिसेल त्यावर आपण सारा भार टाकतो. शेजारी दुसरे उपकरण वेगळे काही दाखवीत असते, तिसरे साक्षीला असते. पण आपली मान वळत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग लोकांनी तोंडाला कुलूप लावावे काय? सरकार आणि कंपन्या सांगतील ते निमूट ऐकावे काय? मुळीच नाही. लोकांची शंका पुष्कळदा खरी ठरते. 11 एप्रिल 1955 रोजी 'काश्मीर प्रिन्सेस' हे आपले विमान बांडुंग परिषदेला जाणारी मंडळी घेऊन हाँगकाँगहून जकार्तास निघाले होते. वाटेत स्फोट होऊन आग लागली. कप्तान जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरवण्याची शर्थ केली. 19 पैकी 16 माणसे गेली. जे तिघे वाचले त्यांत अनंत कर्णिक हे आपले मराठी अभियंते होते. त्यांनी पुढे ती हकीगत पुस्तकरूपाने लिहिली. घातपाताची शंका तेथेही ताबडतोब आली, आणि ती खरी ठरली. पण ती खरी कशाने ठरली? ती मोठ्याने बोलली गेली म्हणून नव्हे. समुद्राच्या तळातून अवशेष वर आले आणि त्यांत घड्याळी बाँबचे तुकडे सापडले, म्हणून. 1985 साली 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ पडून 329 माणसे गेली, तेव्हाही बाँब होता हे चौकशीनेच ठरवले.

म्हणजे 1955 ची शंका खरी, 1978 ची खोटी. शंका घेणाऱ्यांची तळमळ दोन्ही वेळा सारखीच होती. तेव्हा तळमळीवरून सत्य ओळखता येत नाही, एवढे तरी कबूल करू या.

आणखी एक मोह आहे. गेलेला माणूस मोठा असला की कारणही तेवढेच मोठे असावे असे मनाला वाटते. 24 जानेवारी 1966 रोजी डॉ. होमी भाभा यांचे विमान मों ब्लां पर्वतावर आदळले. 117 माणसे गेली. चौकशीत दिसले ते असे: एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त, आणि पर्वतापासून आपण कोठे आहोत याविषयी वैमानिकाचा गैरसमज. एवढ्या मोठ्या बुद्धिमंताचा घास एका गैरसमजाने घ्यावा, हे सोसवत नाही. म्हणून कटाची कथा आजतागायत सांगितली जाते.

अशा कथेने कोणाचे काय बिघडते, असे वाटेल. बिघडते. ब्रिटिशांची कॉमेट जेट विमाने पहा. जानेवारी 1954 मध्ये एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रात पडले. उड्डाणे थांबवली. बहुधा आग लागली असावी असा तज्ज्ञांनी तर्क केला, त्याप्रमाणे दुरुस्त्या केल्या आणि मार्चमध्ये विमाने पुन्हा सोडली. 8 एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ पडले. 21 माणसे गेली. मग मात्र विमानाचा सांगाडा पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून हवेच्या दाबाचा भार पुन्हा पुन्हा देऊन पाहिला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा थकून फाटतो हे उघड झाले. त्या 21 माणसांचा जीव एका चुकीच्या तर्काने घेतला. आणि तो तर्क चहाच्या गाडीवरचा नव्हता, जाणत्यांचा होता. खोटे कारण मनाचे समाधान करते, आणि खरे कारण पुढच्या विमानात जाऊन बसते.

आता अहमदाबादेकडे परत येऊ. 12 जुलै 2025 रोजी प्राथमिक अहवाल आला. पक्ष्यांचा विशेष वावर दिसला नव्हता. झडपा योग्य जागी होत्या. वजन मर्यादेत होते. इंधनाचे नमुने ठीक होते. पहिल्या संध्याकाळचे बहुतेक तर्क एका अहवालाने बाजूला सारले. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एका सेकंदाच्या अंतराने 'बंद' कडे गेल्या, असे नोंदीत आढळले. तू इंधन का तोडलेस, असे एका वैमानिकाने विचारले. आपण तसे केले नाही, असे दुसरा म्हणाला. कोण कोणास बोलले, हे अहवालात नाही. कळा कशा फिरल्या, हेही नाही. तरी तेवढ्या एका वाक्यावरून देशोदेशी निवाडा झाला: वैमानिकानेच केले. पुन्हा एक काटा, पुन्हा सारा भार त्याच्यावर!

मृत वैमानिक उत्तर द्यायला येत नाही. त्याचा बाप मात्र घरात असतो, आणि त्याच्या दारावरून वर्तमानपत्र रोज येते. मुलगा गेल्याचे दुःख आणि मुलाने इतरांना मारले हा बोभाटा, या दोन ओझ्यांत किती अंतर आहे, याचा विचार ज्याच्या घरात मुलगा आहे त्याने करावा. विमान अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नव्हे, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. दोष ठरवायला न्यायालये आहेत.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. प्रश्न विचारा, खणखणीत विचारा. अहवाल वेळेवर का आला नाही, अर्धाच का छापला, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाचा आहे. फक्त प्रश्न आणि निवाडा यांची सरमिसळ करू नका. कोणी कारण सांगू लागला तर त्याला एवढेच विचारा, "हे खोटे असेल तर ते कशावरून कळेल?" ज्याच्याजवळ याला उत्तर आहे त्याच्याजवळ तर्क आहे. ज्याच्याजवळ नाही, त्याच्याजवळ नुसती अफवा आहे. आणि कोणाचे नाव घेण्यापूर्वी, तो माणूस उत्तर द्यायला हयात आहे काय, हे पहा.

विमानात तिसरे उपकरण बसवले ते माणसाला चूक होते हे ओळखून. आपल्या चर्चेतही एखादा तरी "थांबा, दुसरा काटा काय म्हणतो ते पाहू" म्हणणारा असावा. बाहेर जाल तेव्हा चौकात चर्चा होईलच; ती व्हावी. त्या चर्चेत हा तिसरा काटा आपल्यापैकी कोणीतरी व्हावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.