बिनतारी फोनाची मुळे



जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, त्याच शहरातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाईलवर बोलून आपल्या देशात ही सेवा सुरू केली. आज कुरुंदवाडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या कमरेलाही फोन आहे. तेव्हा हे यंत्र चालते कसे आणि चालविते कोण, हे आपण समजून घेतले पाहिजे.

टॉवर स्वतः बोलत नाही. तो अँटेनांना घराझाडांच्या वर उचलून धरतो, इतकेच. मान वर करून पाहा. माथ्याजवळ उभ्या, अरुंद पेट्या दिसतील. बहुधा त्यांची तोंडे तीन दिशांना असतात. एकेकीच्या वाट्याला १२० अंशांचा मुलूख येतो. त्या किंचित खाली कललेल्या असतात. लहरी आपल्या गल्लीत उतराव्यात, शेजारच्या टॉवरच्या हद्दीत घुसू नयेत, हा त्यातला हेतू. शेजारी ढोलकीसारखी गोल तबकडी दिसली, तर ती आपल्या फोनशी बोलत नाही. ती दूरच्या दुसऱ्या टॉवरवरील तबकडीशी समोरासमोर बोलते. मध्ये उंच इमारत आली की संबंध तुटला. जेथे तबकडी नाही, तेथे बहुधा जमिनीखालून काचतंतूंची केबल जाते. म्हणजे 'बिनतारी' हा कारभार बराचसा फोनापासून टॉवरपर्यंतचाच!

आणि खाली काय? विजेचा प्रवाह बदलून देणारे कपाट, बॅटऱ्या, अनेक ठिकाणी डिझेलचे जनित्र. खरी मेख येथे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने शिरोळ तालुक्याला वेढा घातला, तो आपण सर्वांनी पाहिला. महापुरात वीज बंद करावीच लागते. बॅटरी काही तास पुरते. पुढे डिझेल हवे, आणि रस्ता तर पाण्याखाली! ज्या घटकेला नाव मागविण्यासाठी फोन हवा, त्याच घटकेला रेंज जाते.

शिवाय टॉवर एका कंपनीचा, वरचे अँटेना दुसरीचे, देखभाल ठेकेदाराची. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, हे आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांच्या ओळखीचे दुखणे आहे. वर चढणारा पोरगा बहुधा रोजंदारीचा. त्याला कमरपट्टा व दोन आकड्यांचा दोर हवा, विमा हवा. तो अँटेनासमोर काम करीत असता तिचे प्रक्षेपण बंद हवे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की गावाने तीन प्रश्न विचारावेत. खालचे कपाट २०१९ च्या पूररेषेच्या वर आहे काय? पुराआधी डिझेलचा साठा करण्याचे काम नेमके कोणाचे? आणि चढणाऱ्याच्या जिवाची हमी कोणी घेतली आहे? रेंज आपल्याला आकाशातून मिळते खरी, पण तिची मुळे या मातीत आणि माणसांच्या हातांत आहेत. ती सांभाळली, तरच पुरात हाक पोहोचेल.