बांधीव दराची मुदत संपतांना

भाड्याच्या घराचा करार संपत आला म्हणजे सावध गृहस्थ महिना-दीड महिना आधींच घरमालकाशीं बोलणें काढतो. मुदत उलटून गेल्यावर घासाघीस करण्याचें बळ हातीं उरत नाहीं, हें तो जाणून असतो. ग्रेट ब्रिटनमध्यें हाच प्रसंग विजेच्या आणि गॅसच्या बाबतींत घरोघर येतो. लंडनच्या हॅरो भागांत किंवा स्लाऊ शहरांत संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांनाहि तो चुकत नाहीं. इकडील कित्येक घरांतील मुलगा व सून, अथवा लेक व जांवई, आज तिकडे असल्यामुळें या व्यवहाराची ओळख येथील वडीलधाऱ्यांनाहि असलेली बरी.

महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं घरगुती वीज एकाच संस्थेकडून येते व तिचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. मुंबईच्या उपनगरांत मात्र एकाच क्षेत्रांत दोन कंपन्यांना परवाने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ सालच्या निर्णयानंतर व आयोगाच्या २००९ सालच्या आदेशानंतर तेथील ग्राहकास जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेतां येऊं लागली. ब्रिटनमध्यें ही मुभा याहून जुनी आहे. घरगुती गॅसचा बाजार १९९८ च्या मेपर्यंत व विजेचा १९९९ च्या मेपर्यंत सर्वत्र खुला झाला. तेथें कंपनी बदलली म्हणून तारा किंवा गॅसचे नळ बदलत नाहींत, आणि दिवा क्षणभरहि विझत नाहीं. बदलतो तो बिल पाठविणारा आणि बिलांतील दर.

हे दर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला बांधीव दर. एक किंवा दोन वर्षांच्या मुदतीपुरता, दर युनिटचा भाव आणि रोजचा स्थिर आकार त्यांत कायम राहतो. बांधलेला असतो तो भाव, बिल नव्हे. अधिक जाळलें तर अधिक पैसे पडतातच. दुसरा बदलता दर. तो कंपनी वाढवूं किंवा उतरवूं शकते. मात्र ऑफजेम या नियामक संस्थेनें १ जानेवारी २०१९ पासून त्यावर कमाल मर्यादा घातली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही मर्यादा दर तीन महिन्यांनीं नव्यानें ठरते. ती भावाला आहे, एकंदर बिलाला नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

बांधीव मुदत संपण्यापूर्वीं ४९ ते ४२ दिवसांच्या दरम्यान कंपनीनें ग्राहकास तशी सूचना धाडली पाहिजे, असा नियम आहे. त्या शेवटच्या ४९ दिवसांत करार सोडल्यास दंड द्यावा लागत नाहीं. पत्र आलें आणि टेबलावर तसेंच पडून राहिलें, तर मुदतीनंतर तें घर साधारणतः त्याच कंपनीच्या बदलत्या दरावर जातें. येथें मौन म्हणजे संमति. उत्तर न देणें हाहि एक निर्णयच होय. फक्त तो हिशेब न करतां घेतलेला असतो.

हिशेब मात्र स्वतःच्या घराचा करावयास हवा. जाहिरातींत ‘सामान्य कुटुंबाचें वार्षिक बिल’ दिलेलें असतें. ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठीं ऑफजेमनें २,७०० युनिट वीज व ११,५०० युनिट गॅस असें मान धरलें. दोन खोल्यांतील जोडप्याला वा सहा माणसांच्या कुटुंबाला तें मान लागू पडेलच असें नाहीं. समजा, एका कंपनीचा विजेचा भाव युनिटला २५ पेन्स व रोजचा स्थिर आकार ६० पेन्स आहे. दुसरीचा भाव २७ पेन्स व आकार ४० पेन्स आहे. वर्षाला १,८०० युनिट वापरणाऱ्या लहान घरास पहिली ६६९ पौंडांना पडते आणि दुसरी ६३२ पौंडांना. भाव चढा असूनहि दुसरीच स्वस्त ठरली! उलट ४,००० युनिट वापरणाऱ्या मोठ्या घरास पहिली १,२१९ व दुसरी १,२२६ पौंडांना पडते. म्हणून वर्षभराचीं बिलें समोर घेऊन युनिटांची बेरीज करावी, दोन्ही आंकडे मांडावे, आणि मगच पसंती ठरवावी.

परंतु स्वस्ताई हीच एक कसोटी नव्हे. २०२१ सालीं गॅसच्या घाऊक किंमती भडकल्या, तेव्हां आधीं माल न बांधतां स्वस्त दराचीं आश्वासनें देणाऱ्या कित्येक कंपन्या कोसळल्या. थोड्या महिन्यांत सुमारे तीस कंपन्या बंद पडल्या. नियमांमुळें कोणाचा पुरवठा तुटला नाहीं आणि ग्राहकांच्या जमा रकमाहि सुरक्षित राहिल्या. पण त्या व्यवस्थेचा भार अखेर सर्वांच्याच बिलांवर पडला. जून २०२२ मध्यें राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें तो सुमारें २७० कोटी पौंड, म्हणजे घरामागें सुमारें ९४ पौंड, सांगितला.

त्याच काळानें दुसराहि धडा दिला. ऑक्टोबर २०२१ मध्यें सामान्य घरासाठीं मर्यादेचा आंकडा वर्षास १,२७७ पौंड होता. एप्रिल २०२२ मध्यें तो १,९७१ झाला, आणि ऑक्टोबरसाठीं ३,५४९ जाहीर झाला. तेव्हां सरकारला मध्यें पडून तो सुमारें २,५०० वर रोखावा लागला. २०२१ च्या शरदांत ज्यांची मुदत संपली, त्यांना नवे बांधीव दर मर्यादेहून महाग दिसत होते, आणि त्या वेळीं कांहीं न बदलणेंच पुष्कळांच्या हिताचें ठरलें. अर्थात् बदलणें हेंच नेहमीं शहाणपण असें नाहीं. न बदलण्याचा निर्णयहि पत्र वाचून, हिशेब करून घ्यावा, एवढेंच.

बदलावयाचें ठरलें तर बाकीचें काम सोपें आहे. नव्या कंपनीस कळवावें. जुनीला निरोप तीच देते. विचार पालटल्यास करार रद्द करण्यास चौदा दिवस मिळतात, आणि बदल साधारण पांच कामकाजाच्या दिवसांत होतो. बदलाच्या दिवशीं मीटरचा आंकडा लिहून ठेवावा. शेवटच्या बिलाचा तंटा बहुधा त्याच आंकड्यावरून होतो. तें बिल सहा आठवड्यांच्या आंत यावयास हवें. भाडेकरू स्वतः बिल भरीत असेल तर त्यालाहि कंपनी निवडतां येते. मात्र बाकी अठ्ठावीस दिवसांहून अधिक थकली असेल तर जुनी कंपनी हरकत घेऊं शकते.

मग बांधीव दर कोणी घ्यावा? तो भविष्याशीं केलेला करार आहे. भाव उतरले तर थोडें नुकसान, चढले तर मोठा आधार. ज्याच्या गांठीं चार पैसे आहेत, त्यानें बदलत्या दरावर राहून वाट पाहिली तरी चालेल. पण निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला, किंवा तान्हें मूल असलेल्या घराला, जानेवारीच्या थंडींत बिलाच्या धास्तीनें ऊब बंद करण्याची पाळी येऊं नये. त्यांच्यासाठीं कांहीं पौंड अधिक देऊन मिळालेली निश्चिति महाग म्हणतां येणार नाहीं. तें पत्र आलें त्याच दिवशीं उघडून वाचणाऱ्या घराला हें सारें निवांतपणें ठरवितां येतें.